महापालिका किती कर्ज काढू शकते? आणि ते फेडतं कोण?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं, किंवा ज्यांनी हा एपिसोड प्रवासात अर्धाच ऐकला, त्यांच्यासाठी ही लेखी आवृत्ती. बोलताना झालेली पुनरुक्ती काढली आहे, बाकी मुद्दे तेच आहेत.

सुरुवात एका हिशोबाने करूया. मोबाइलवर कॅल्क्युलेटर उघडा. जून २०१७ मध्ये पुणे महापालिकेने बाँड काढून बाजारातून २०० कोटी रुपये उभे केले. मुदत १० वर्षं, व्याज ७.५९ टक्के. म्हणजे वर्षाला १५ कोटी १८ लाख रुपये फक्त व्याज. ३६५ ने भागा. दिवसाला ४ लाख रुपयांच्या थोडं वर. रविवार, दिवाळी, लॉकडाऊन, सगळे दिवस धरून.

आता गंमत बघा. हे कर्ज निघालं तेव्हा तुमच्यातले कितीतरी जण शाळेत होते. मत देण्याचं वय नव्हतं. पण मुदत संपते २०२७ मध्ये, तोपर्यंत तुम्ही कमावते झालात. घरभाडं देताय, त्या भाड्यातून घरमालक मिळकतकर भरतोय. म्हणजे ज्या कर्जाबद्दल तुम्हाला कुणी विचारलं नाही, त्याच्या फेडीत तुमचाही खारीचा वाटा आहे.

म्हणून आजचा प्रश्न. महापालिकेने किती कर्ज काढावं, कशासाठी काढावं, याला कायद्याची वेसण आहे का? असेल तर ती कुणाच्या हातात आहे?

आधी हे, की मर्यादा हवीच कशाला?

तुम्ही बाइकसाठी लोन घेता तेव्हा बँक सॅलरी स्लिप बघते, सिबिल स्कोअर बघते. कर्ज तुमचं, हप्ता तुमचा. हप्ता चुकला तर त्रासही तुम्हालाच. त्यामुळे सही करताना आपण दोनदा विचार करतो.

महापालिकेत सही करणारा एक आणि फेडणारा दुसरा. नगरसेवकाची मुदत ५ वर्षं. आयुक्त तर तीनेक वर्षांत बदलून जातात. कर्ज मात्र १०, १५, २० वर्षांचं. उद्घाटनाची फीत आज कापायची, हप्ते पुढच्यांनी भरायचे, हा मोह कुठल्याही पक्षाला सुटत नाही.

दुसरं कारण. महापालिका कंपनीसारखी दिवाळं जाहीर करून शटर खाली ओढू शकत नाही. पाणी सोडावंच लागतं, कचरा उचलावाच लागतो. त्यामुळे कर्ज देणाऱ्याला मनातून खात्री असते की वेळ आलीच तर राज्य सरकार धावून येईल. अशी खात्री असली की देणाराही फार चौकशी करत नाही.

पण म्हणून कर्ज वाईटच, असंही समजू नका. पाण्याची मुख्य पाइपलाइन चाळीस-पन्नास वर्षं चालते. तिचा पूर्ण खर्च एकाच वर्षाच्या करातून काढला, तर आजचा करदाता पुढच्या दोन पिढ्यांचं पाणी फुकट भरून ठेवतो. त्यापेक्षा वापरणाऱ्यांनी वापराच्या काळात थोडं थोडं फेडणं जास्त न्यायाचं. याउलट, पगार आणि वीजबिल भागवायला कर्ज काढलं, तर आजची चैन उद्याच्या माथी. चांगल्या आणि वाईट कर्जातला फरक बहुतेक वेळा इथेच असतो, आणि कायद्यानेही नेमकी हीच रेघ ओढली आहे.

कायदा काय म्हणतो?

आपल्या संविधानात कर्जाबद्दल दोन कलमं आहेत. २९२ केंद्रासाठी, २९३ राज्यांसाठी. राज्याकडे केंद्राचं कर्ज थकीत असेल, तर नवं कर्ज काढायला केंद्राची संमती लागते, हे २९३ मध्येच आहे. महापालिकांसाठी मात्र असं वेगळं कलम नाही. १९९३ पासून लागू झालेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने शहरांना संविधानात जागा दिली. बाराव्या अनुसूचीत पाणीपुरवठ्यापासून स्मशानभूमीपर्यंत १८ विषयांची यादी आली. पण ही कामं करायला कर्ज कसं उभारायचं, हे राज्यांच्या कायद्यांवर आणि एका जुन्या केंद्रीय कायद्यावरच राहिलं.

तो जुना कायदा म्हणजे १९१४ चा ‘लोकल ऑथॉरिटीज लोन्स ॲक्ट’. इंग्रजांच्या काळातला. कर्ज कशासाठी काढता येईल, याची त्यात यादीच आहे. कायद्याने सोपवलेली बांधकामं, दुष्काळात मदत आणि दुष्काळी कामं, घातक साथीचा फैलाव रोखणं, या दोन्हींना जोडून येणारे उपाय, आणि आधी कायदेशीरपणे काढलेलं कर्ज फेडणं. यादी वाचली की तो काळ डोळ्यांसमोर येतो. १८९६ च्या प्लेगला तेव्हा वीस वर्षंही झाली नव्हती. कर्ज थकलं, तर ज्या उत्पन्नाच्या तारणावर ते घेतलं ते सरकार जप्त करू शकतं, अशीही तरतूद त्यात आहे.

त्यानंतर राज्याचा कायदा. मुंबईला तिचा स्वतःचा १८८८ चा कायदा. पुणे, नागपूर, नाशिक वगैरे महापालिकांना १९४९ चा महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम. नगरपरिषदा आणि नगरपंचायतींना १९६५ चा. आपण १९४९ चा घेऊ. त्यातल्या कर्जाच्या कलमाचा सोप्या भाषेत अर्थ असा:

पहिली अट, राज्य सरकारची मंजुरी हवीच. त्याशिवाय एक रुपयाही नाही.

दुसरी, कर्ज कायमस्वरूपी कामासाठीच. म्हणजे ज्याचा खर्च अनेक वर्षांवर पसरवणं योग्य ठरेल असं काम. खड्ड्यांवर डांबर ओतायला किंवा बोनस वाटायला कर्ज नाही.

तिसरी, कोणत्या अटींवर घेणार आणि कसं फेडणार, हेही सरकारला आधी पटवायचं.

चौथी अट मला सगळ्यात शहाणी वाटते. जुनं कर्ज फेडायला नवं कर्ज काढलं, तर राज्य सरकारने तसं सांगितल्याशिवाय नव्याची मुदत जुन्याच्या उरलेल्या मुदतीपलीकडे नेता येत नाही. एका क्रेडिट कार्डचं बिल दुसऱ्या कार्डाने भरत राहायचं, हा खेळ इथे कायद्यानेच अवघड केलाय.

बाजारात बाँड काढायचे असतील तर वर आणखी सेबीचा दरवाजा. महापालिकांच्या बाँडसाठी सेबीने २०१५ मध्ये वेगळे नियम केले. मागच्या ३६५ दिवसांत बँकेचं कर्ज थकवलेलं नसावं, रेटिंग घ्यावं, ज्या कामासाठी पैसे घेतले तिथेच ते खर्च व्हावेत, असे हे नियम आहेत. शिवाय कराची ठरलेली रक्कम एका वेगळ्या बँक खात्यात जाते. त्याला एस्क्रो खातं म्हणतात. आधी त्यातून व्याज आणि मुद्दल फेडीची तरतूद होते, उरलेलं महापालिकेच्या हाती. पगाराच्या दिवशी ईएमआय आपोआप कापला जातो ना, अगदी तसंच.

आता एक गोष्ट लक्षात आली का? एवढ्या अटींमध्ये ‘उत्पन्नाच्या इतक्या टक्क्यांपर्यंतच’ असा ठळक आकडा कुठे पुढे येत नाही. आपली पद्धत मुख्यतः परवानगीवर चालते. मंत्रालय हो म्हणालं तर मर्यादेत, नाही म्हणालं तर मर्यादेबाहेर.

पुण्याचं काय झालं?

पुन्हा २०१७ कडे येऊया. चोवीस तास पाणीपुरवठा योजनेसाठी पुण्याने बाजारातून पाच वर्षांत एकूण २,२६४ कोटी उभारायचं ठरवलं होतं. २०० कोटी हा पहिला टप्पा. कागदोपत्री सगळं चोख होतं. रेटिंग डबल ए प्लस. सरकारची मंजुरी होती. काम कायमस्वरूपी होतं. मागणी तर विक्रीला ठेवलेल्या रकमेच्या कितीतरी पट आली. बाँडची मुंबई शेअर बाजारात नोंदणी झाली, कौतुकाच्या बातम्या झळकल्या.

आणि त्याच वर्षी पाइपलाइनच्या कामाची टेंडरं वाढीव दरांच्या वादात सापडून रद्द झाली. नव्याने काढावी लागली. पैसे खात्यात, काम कागदावर, आणि व्याजाचं मीटर दिवसाला ४ लाखांनी सुरू. बँकेत ठेवलेल्या पैशावर व्याज मिळतं हे खरं, आणि बाँड काढणाऱ्या शहरांना केंद्राकडून दर १०० कोटींमागे १३ कोटींचं प्रोत्साहन होतं हेही खरं. पण घराचा प्लॅन मंजूर व्हायच्या आधी होम लोनची पूर्ण रक्कम उचलून हप्ते सुरू करावेत, असा हा प्रकार झाला.

इथे कायदा मोडला का? अजिबात नाही. प्रत्येक अट पाळली गेली. ‘कर्ज घेऊ शकता का’ हे कायद्याने तपासलं. ‘कर्ज आजच घ्यायची गरज आहे का’ हे तपासणं सभागृहाचं काम होतं.

इंदूरला तर तुम्हीही सावकार होऊ शकला असतात

शहरांनी बाँड काढणं तसं नवं नाही. बेंगळुरूने १९९७ मध्ये राज्याच्या हमीवर काढले, अहमदाबादने १९९८ मध्ये हमीशिवाय १०० कोटी उभारले. पण घेणारे मुख्यतः बँका, विमा कंपन्या, फंड असे बडे लोक.

फेब्रुवारी २०२३ मध्ये इंदूरने दार सगळ्यांसाठी उघडलं. किमान १०,००० रुपये, व्याज ८.२५ टक्के, एकूण २४४ कोटी. कारण ऐका. इंदूरला नर्मदेचं पाणी जलूदहून उपसून आणावं लागतं आणि पंपांच्या विजेचा खर्च अफाट आहे. बाँडच्या पैशातून ६० मेगावॅटचा सौर प्रकल्प करायचा, विजेचं बिल कमी करायचं, असा बेत. मागणी जवळपास सहापट आली.

कर्जाचा उद्देश कसा मांडावा, याचा हा चांगला नमुना. ‘शहर विकासासाठी’ अशी मोघम पाटी नाही. कुठला खर्च कमी होणार ते कळतं, म्हणून पुढे जाऊन तो झाला का, हेही विचारता येतं.

फक्त एक सूचना. असे बाँड घ्यायचा मोह झाला तर ती एफडी समजू नका. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा असतो, बाँडला नसतो.

आकडा नाही, परवानगीही नाही: इंग्लंडचा धडा

आता जरा परदेशात. कारण आपल्याकडे एक मागणी नेहमी ऐकू येते, ‘मंत्रालयाची परवानगी कशाला? शहरांना मोकळं सोडा.’ ती चुकीची आहे असं मी म्हणत नाही. पण इंग्लंडने मोकळीक देऊन पाहिली आहे. तिथे काय झालं ते बघू.

तिथे पूर्वी नियम कडक होते. लंडनमधली हॅमरस्मिथ आणि फुलहॅम ही स्थानिक कौन्सिल. १९८० च्या दशकात तिने बँकांबरोबर व्याजदरांच्या अदलाबदलीचे सौदे सुरू केले. म्हणजे सरळ सांगायचं तर व्याजदर खाली येतील यावर पैज. थोडेथोडके नाहीत, जवळपास ६०० सौदे. दर उलट वर गेले. प्रकरण तिथल्या सर्वोच्च न्यायपीठाकडे, हाउस ऑफ लॉर्ड्सकडे गेलं. जानेवारी १९९१ मध्ये निकाल आला: कायद्याने कौन्सिलला असे सौदे करण्याचा अधिकारच दिलेला नाही, म्हणून सौदे रद्दबातल. तोटा बँकांच्या गळ्यात पडला. न्यायालयाचा रोख स्पष्ट होता. ही मर्यादा करदात्याच्या रक्षणासाठी आहे, आणि समोरच्याला अधिकार आहे का हे बघणं बँकेचंही काम आहे.

पुढे हवा बदलली. २००३ च्या कायद्याने कौन्सिलांना सांगितलं, परवडेल ती मर्यादा तुमची तुम्हीच ठरवा. काही मार्गदर्शक तत्त्वं पाळा, बस. सरकारी खजिन्यातून स्वस्त कर्जाची सोयही होतीच.

लंडनजवळ वोकिंग नावाचं गाव आहे. लोकसंख्या लाखाच्या आसपास. आपल्याकडच्या मध्यम नगरपरिषदेएवढं. त्यांच्या कौन्सिलने टोलेजंग इमारती आणि एक मोठं हॉटेल उभारायला कर्ज काढलं. भाडं येईल, त्यातून हप्ते जातील, हा हिशोब. जून २०२३ मध्ये कौन्सिलने जाहीर केलं की आता खर्चाची तोंडमिळवणी अशक्य आहे. तेव्हा कर्ज होतं दीड अब्ज पौंडांहून जास्त आणि वर्षाचा मूळ निधी होता सुमारे १६ दशलक्ष पौंड. म्हणजे वर्षाला १६ लाख कमावणाऱ्या माणसाच्या डोक्यावर १५ कोटींहून जास्त कर्ज!

आणि झळ कुणाला बसली? सार्वजनिक शौचालयं, पोहण्याचा तलाव, संस्थांची अनुदानं यांवर कात्री आली. पुढच्या वर्षी स्थानिक कर सुमारे १० टक्क्यांनी वाढवायची खास परवानगी घ्यावी लागली. ज्यांनी मर्यादा ठरवली, त्यांनीच ती वाढवत नेली, आणि बिल आलं नळ-शौचालय वापरणाऱ्यांकडे.

मग आपली पद्धत बरी?

अर्धी बरी. महाराष्ट्रात वोकिंग होणं अवघड आहे, कारण वर मंत्रालय बसलंय. पण आपल्या पद्धतीत दोन भोकं आहेत.

पहिलं भोक. परवानगी वरून येते, पण प्रश्न खालून विचारले जायला हवेत. मार्च २०२२ मध्ये मुंबई, पुणे, पिंपरी-चिंचवड इथल्या सभागृहांची मुदत संपली आणि पुढची काही वर्षं तिथे नगरसेवकच नव्हते. प्रशासकांचा कारभार. याच काळात, २०२३ मध्ये, पिंपरी-चिंचवडने ८.१५ टक्क्यांनी २०० कोटींचे बाँड काढले. कायद्याने प्रशासकाकडे सभागृहाचे अधिकार असतात, त्यामुळे सगळं कायदेशीर. बाँड चांगले की वाईट, हा मुद्दा वेगळा. पण प्रस्ताव मांडणारा प्रशासन आणि मंजूर करणाराही प्रशासन. ‘आत्ताच का?’ असं विचारणारा विरोधी बाकच रिकामा. पुण्याच्या टेंडरवर २०१७ मध्ये निदान आरडाओरडा तरी झाला होता.

दुसरं भोक जास्त मोठं आहे. कायदा मोजतो ते ‘कर्ज’. पण देणं फक्त कर्जाचंच असतं का? ठेकेदाराचं काम झालं, बिल दोन वर्षं रखडवलं. हे देणंच, पण त्याला कर्ज म्हणत नाहीत, म्हणून मंजुरी लागत नाही. निवृत्तांची थकबाकी देणंच. पुढच्या दहा वर्षांचे प्रकल्प आज मंजूर करून ठेवले, तेही देणंच. मुंबई महापालिका बघा. देशातली सगळ्यात श्रीमंत. २०२५-२६ चं बजेट ७४ हजार कोटींचं, ठेवी ८० हजार कोटींच्या वर. आणि हाती घेतलेल्या प्रकल्पांची पुढची देणी? ती २ लाख कोटींच्या वर गेल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील. यातला एक रुपयाही बाँड नाही. कर्जाच्या कलमात हे कुठेच अडत नाही. पण उद्याचा पैसा आजच बांधला गेला आहे, हे तर खरंच ना?

म्हणजे दाराला कुलूप आहे, खिडकी उघडी आहे.

आपण काय बघायचं?

आपल्या महापालिकेचं किंवा नगरपरिषदेचं बजेट बहुतेक ठिकाणी वेबसाइटवर मिळतं. बाँड काढले असतील तर रेटिंग एजन्सीचा अहवाल मोफत वाचता येतो, आणि तो बजेटच्या भाषणापेक्षा कितीतरी स्पष्ट असतो. एवढे चार प्रश्न घेऊन बसा:

१. कर्ज कशासाठी? वस्तू कर्जापेक्षा जास्त वर्षं टिकणार आहे का?

२. फेड कुठून होणार? मिळकतकर, पाणीपट्टी, की ‘राज्याकडून अनुदान अपेक्षित’? शेवटचं उत्तर असेल तर कान टवकारा.

३. काम सुरू करायची तयारी झाली आहे का? जागा ताब्यात आहे? टेंडर निघालंय?

४. कर्जाशिवाय बाकी देणी किती? ठेकेदारांची बिलं, मंजूर प्रकल्प, निवृत्तांची थकबाकी. हा आकडा एका जागी दिसला नाही, तर माहितीच्या अधिकारात मागा. अर्जाची फी १० रुपये आहे.

चौथा प्रश्न सगळ्यात कमी विचारला जातो. प्रचारात तुमच्या दारात येणाऱ्या उमेदवाराला एकदा विचारून बघा, ‘आपल्या शहराचं एकूण देणं किती?’ उत्तर आलं तर उत्तमच. नाही आलं, तर तो आकडा काढून आणायला सांगा आणि पुढच्या वेळी पुन्हा विचारा.

पुढच्या भागात मिळकतकराकडे वळूया: तुमच्या घराचा कर नेमका ठरतो कसा, आणि शेजारच्या इमारतीचा कमी का. तुमच्या शहराच्या बजेटमध्ये कर्जाचा किंवा थकीत बिलांचा आकडा सापडला, तर आम्हाला नक्की पाठवा. शहराचं नाव आणि आर्थिक वर्ष लिहायला विसरू नका. भेटू लवकरच!